राजाचा दोर

अहो,

पिठलं-भाकरी झाकून ठेवली आहे. मी सहादेव आणि बनुबाईच्या बंद घरापाशी आहे.

त्यांच्या कुत्र्याचा, राजाचा दोर तुम्ही सकाळी सोडलात, हे मला टँकरवरून पाणी घेऊन आल्यावर कळलं. गावभर शोधला. शेवटी त्यांच्या शेजारच्या गोजरबाईंनी सांगितलं, "त्यो त्येंच्याच दाराम्होरं पडलाय, उनात." दाराला कुलूप, उंबऱ्यावर सावली नाही, तरी तिथून उठला नव्हता. पायांना फोड आलेत. उचलून कडुलिंबाखाली नेला, अंगावर ओलं फडकं घातलं. तोंडात पाणी घातलं तर बाहेर येतं. धाप थांबत नाही. गुरांचे डॉक्टर चारा छावणीवर गेलेत, ते उद्या येतील. तोवर तो टिकेल असं वाटत नाही.

माणसांनाच पाणी पुरत नाही, असं तुम्ही म्हणत होता. ते खोटं नाही. पण मी त्याला माझ्या वाटणीचंच देत होते.

दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना बनुबाईनं तो दोर माझ्या हातात दिला होता. "बाई, पाऊस पडला की आमी न्यायला येतू. तवर पोरावानी संबाळा." मी लगेच हो म्हटलं. आपल्या घरात सांभाळायला दुसरं होतंच कोण?

पोतं भिजवून न्यायला घरी आले होते, आता परत जाते. त्याचं संपेपर्यंत तिथेच बसेन. मला बोलवायला येऊ नका.

ती दोघं येतील तेव्हा दार तुम्ही उघडा. मला त्यांच्यासमोर उभं राहता येणार नाही.

प्रेमला