आळेफाट्याचा नंबर

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. म्हणून सरळ कामाचंच सांगते. जीपच्या स्टँडवरचा ओळीचा नंबर बंद करावा, असं मी सरकारला लिहून दिलं आहे. तुमचा आळेफाट्याचा नंबर, जुन्नरचा, मंचरचा, सगळीकडचाच. समितीने मत मागवलं होतं आणि मी त्याच विषयाची प्राध्यापक, तेव्हा ते माझ्याकडे येणारच होतं. चहा घेतला, लिहिलं, सही केली, पाठवून दिलं. नंतर कपडे वाळत घातले.

मी नेमकं काय शिकवते ते तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. एकदा प्रयत्न केला होता. तुम्ही चुलीशेजारी जेवायला बसला होतात, आई भाकऱ्या थापत होती. मी म्हणाले, विजेच्या तारा एकाच कंपनीच्या असतात, मग त्या तारांवरून दुसऱ्याला वीज न्यायची असेल तर त्याला वाट कुणी द्यायची आणि किती भाड्याने, ते ठरवणारे कायदे असतात. टेलिफोनचं तसंच, रेल्वेचं तसंच. आणि धंदेवाल्यांनी आपसात भाव ठरवून गिऱ्हाइकाला कोंडीत धरलं तर त्याला आडकाठी करणारा कायदा, तोही माझाच विषय. तुम्ही कालवणात भाकरी कुस्करत सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, ‘‘त्यात पर्मनंट व्हतात का?’’ होतात म्हटल्यावर म्हणालात, ‘‘मग झालं तर.’’ एवढ्यावर माझं संशोधन मंजूर झालं. विद्यापीठाने त्याच्यापेक्षा बराच जास्त त्रास दिला.

तुम्ही नंबरवाले, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. आळेफाट्याहून जुन्नरला जाणाऱ्या जीप ओळीने उभ्या राहायच्या. पहिली भरली की सुटायची, मग दुसरी पुढे सरकायची. कुणी कुणाचं सीट ओढायचं नाही, भाडं सगळ्यांचं सारखं, आणि ते ठरायचं टपरीवर, तुमच्यासमोर. एकाने ओळ सोडून रस्त्यात पुढे जाऊन शिटा भरल्या, तर तुम्ही लोकांनी त्याची गाडी आठवडाभर उभी करून ठेवलीत. तो रोज यायचा, चहा प्यायचा, आणि गाडीला फडकं मारून घरी जायचा.

बारावीचा पेपर होता त्या दिवशी एसटी चुकली. मी धावत स्टँडवर आले. तुमची जीप ओळीत बरीच मागे, पहिल्या जीपमध्ये दोनच माणसं. मी म्हणाले, अण्णा, आपली काढा ना, पेपर आहे. तुम्ही खाली उतरलात आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणालात, ‘‘नंबर दिसत न्हाई व्हय? तुझ्यासाठी मोडला तर उद्या दुसऱ्याच्या पोरीसाठी मोडायला लागंल. जा, बस त्यात.’’ मी त्यात बसले. ती भरेपर्यंत बसले. वर्गात पोचले तेव्हा बाकीच्यांचं पहिलं पान लिहून झालं होतं. मुलाखतीत लोक विचारतात, मॅडम, हाच विषय का निवडलात. मी बदलत्या अर्थव्यवस्थेबद्दल काहीतरी सांगते. ते मान डोलावतात.

दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना एक उदाहरण घालते. एक फाटा आहे, तिथे जीपवाले आहेत, ते मिळून भाडं ठरवतात, गिऱ्हाईक वाटून घेतात, नवीन माणसाला उभं राहू देत नाहीत. काय म्हणाल याला? मुलं एका सुरात ‘संगनमत’ म्हणतात. मी म्हणते, बरोबर. तो फाटा कुठला ते त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटत नाही. उदाहरण चांगलं आहे, पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळतं.

तुमचं शेवटचं मला काकांनी सांगितलं. काका म्हणजे तुमच्या पुढच्या-मागच्या नंबरला कायम असायचे ते. दुपारपासून तुमचा डावा हात दुखत होता. सगळे म्हणाले, नारायणगावला दवाखान्यात जा, आम्ही सोडतो. तुम्ही म्हणालात, ‘‘आता नंबर आलाच हाय. शिटा सोडतो, मग जातो.’’ ओळ मोडून तुम्हाला पुढे काढायला सगळे तयार होते, तुम्हीच तयार नव्हतात. जुन्नरला बाजारपेठेच्या तोंडाशी सगळी माणसं उतरली, तुम्ही गाडी कडेला घेतलीत, हँडब्रेक ओढलात आणि खाली उतरला नाहीत. उतरलेल्यांना वाटलं, ड्रायव्हरला डुलकी लागली. मी तेव्हा पुण्यात वर्गात शिकवत होते. निरोप आल्यावर मी तास पूर्ण केला. का केला, ते मला आजही सांगता येत नाही.

आता जे आलंय ते मोबाईलवरून गाडी बोलवायचं. एका कंपनीने तक्रार केली की त्यांच्या गाड्यांना स्टँडवाले जवळ फिरकू देत नाहीत. कायद्याने बघितलं तर यात अवघड काही नाही. मिळून भाडं ठरवणं चूक, दुसऱ्याला अडवणं त्याहून चूक. कंपनी उद्या सगळ्या फाट्यांची एकटीच मालक होऊन बसेल, तेव्हा तिलाही वेसण घाला, असं मी शेवटी घातलंय, पण तो भाग कुणी वाचेल असं वाटत नाही. मला धास्ती एवढीच होती की तुमची जीप आता आपला धाकटा चालवतो. गाडी नवी आहे, पण नंबर तुमचाच, वारशाने मिळालेला. त्याच्या दोन पोरी त्याच ओळीच्या जिवावर शाळेत जातात. बाहेरून कळण्याआधी त्याला तोंडावर सांगावं म्हणून मी परवा आळेफाट्याला गेले.

स्टँडवर काका भेटले. दात गेलेत, पण अजून गाडी चालवतात. ‘‘अण्णांची बाय ना तू? ये, म्होरं बस,’’ म्हणून त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि चहा मागवला. ओळीत मोजक्याच गाड्या उरल्यात. मी धाकट्याबद्दल विचारलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. ‘‘त्यो हितं न्हाई ऱ्हात उभा. पंपाच्या पल्याड बघ.’’ मी काय लिहून दिलंय ते त्यांना सांगायला हवं होतं. खरं नुकसान त्यांचंच आहे. पण मी चहा संपवला, बरी आहे म्हणाले, आणि चालू लागले.

धाकटा खरंच पंपाच्या पुढे उभा होता, मोबाईल काचेला चिकटवून. मला बघून खूश झाला. म्हणाला, ‘‘ताई, मी दिवाळीपासनं कंपनीला गाडी लावली. नंबर लावून माश्या मारत कोण बसंल? पर ते लोक लई तरास देत्यात. परवा काच फोडू म्हणले.’’ मग मी सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि माझा हात हातात घेतला. ‘‘लई बरं केलंस. माझ्यासाठी येवढं कोणी केलं नसतं.’’ मी त्याच्यासाठी केलं नव्हतं. तसं म्हणाले नाही. त्याने मला नारायणगावपर्यंत सोडलं, वाटेत पोरींचे फोटो दाखवले. स्टँडवरून गाडी गेली तेव्हा काका ओळीतच होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

तेव्हापासून बसून आहे. वाईट वाटतंय का म्हणून स्वतःला तपासून बघते, तर हाताला काही लागत नाही. मत बरोबर आहे, उद्या पुन्हा लिहायला सांगितलं तरी तेच लिहीन. हा कागद दुमडून कपाटात ठेवीन, किंवा ठेवणारही नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की मी धाकट्याला सांगायला गेले नव्हते, अण्णा. त्याने तुमच्या बाजूने माझ्याशी भांडावं म्हणून गेले होते.