धूळ की काजळी

३ फेब्रु., सोम.
निबंधाचं घोडं एका शब्दावर अडलंय. विषय मीच निवडला, आता भोगते आहे: जालन्याच्या पोलाद कारखानदारांनी हवेचे नियम आपल्या सोयीचे कसे करून घेतले. नियम ठरण्याआधी एमआयडीसीमागच्या वस्तीत सरकारी समिती आली होती. लोकांनी सांगितलं, काजळी पडते. अहवालात छापलं, धूळ. काजळी म्हटलं की भट्टी दोषी. धूळ म्हटलं की रस्ता, वारा, नांगरट, कोणीही. मग नियम काय, तर रस्त्यावर पाणी मारा, झाडं लावा! इतकी सोयीची चूक? मला नाही पटत.

५ फेब्रु., बुध.
वस्तीत सुमनबाईंकडे. त्या समितीसमोर बोलल्या होत्या. "म्या काजळीच म्हन्ले व्हते. तिच्यापायी कुरडया वाळू घालनं बंद केलं."
मी विचारलं, मग तुमचं म्हणणं अहवालात लिहिलं कोणी?
"ते चष्मेवाले सर न्हाईत का, कालेजातले. लई भला मानूस."
पुढे विचारलंच नाही. वही मिटून निघाले.

८ फेब्रु., शनि.
आमचेच सर. अजून कोण असणार! मला फिजिक्स शिकवलं, विज्ञानाच्या इतिहासाकडे ढकललं, तेही त्यांनीच. आणि चुकून झालं म्हणावं, तर हा फरक शिकवणारे तेच. वर्गात खिडकीवर रुमाल फिरवून दाखवायचे: धूळ झटकली की जाते, काजळी पुसली की पसरते.
त्यांना काय मिळालं? सरांबद्दल असं लिहिताना लाज वाटते. तरी लिहिते. दिवसभर चिडचिड, दादावर उगाच खेकसले.

९ फेब्रु., रवि.
सरांकडे. चहा हातात यायच्या आधीच, "वस्तीत काय चौकशी करून राह्यली तू?" यांना कोणी सांगितलं?
सरळ विचारलं. चष्मा काढून पुसू लागले. "काजळी लिहिलं असतं तर भट्ट्यांना कुलूप. मंग पोरं कुठं गेली असती?"
हे तुमचं म्हणणं की कारखानदारांचं?
"त्यांचंच. मला बराबर वाटलं."
मी चिडले. निबंधात तुमचं नाव येईल म्हणाले. तरी सर दारापर्यंत आले सोडायला. "खुशाल टाक. पन आधी घरी विचार."

१० फेब्रु., सोम.
घरी काय विचारू? घरात मी आणि दादा. दादा भट्टीवर क्रेन चालवतो. लागला कधी, तर...
समिती आली त्याच वर्षी.

१४ फेब्रु., शुक्र.
चार दिवस टाळलं. आज जेवताना विचारलं, तुला कामावर कोणी लावलं?
"सरांनीच शब्द टाकल्ता. तुला न्हाई म्हाईत? तुझं एमए व्हायचं व्हतं ना." वर हसून म्हणतो, "का गं, सरांवर लिहून राह्यली का? चांगलं लिही."

१६ फेब्रु., रवि.
निबंध उद्या पाठवायचा. 'हा शब्द बदलला तो...' इथपर्यंत लिहून बसून आहे. सरांचं नाव टाकलं तर दादाचंही टाकावं लागेल, आणि माझं. नाही टाकलं, तर मीही धूळच लिहिली.
दादाचा कामावरचा शर्ट खुंटीला आहे. झटकून बघायचा धीर होत नाही.