आबांची दुसरी प्रत निघत नाही

महाल, मंगळवार संध्याकाळ

आज माझ्या दुपारच्या झोपेची निर्घृण हत्या झाली. मारेकरी मिस्त्री, आम्हा भावांच्या वाटणीची भिंत बांधतोय. धाकट्याची मुलगी सायली जिवाणूंचा अभ्यास करते. चहा देताना म्हणाली, "मोठे बाबा, एकाचे दोन होताना जिवाणूसुद्धा गुणसूत्राची प्रत काढून दोन्हीकडे पोचवतो. मधात गुणसूत्र असलं तर भिंतच घालत नाही. अन् तुम्ही?"

मी? आमचे वडील, आबा, धाकट्याकडे राहणार. त्यांची प्रत कुठून काढू? भिंत झाल्यावर रस्त्यानं फिरून रोज जाईन का?

आबांच्या आजारपणात रात्री धाकटाच उठायचा. माझी पाळी राहिलीच आहे. मिस्त्रीला म्हटलं, भिंतीत दार ठेव, माझ्या खोलीत उघडणारं.

"काहून जी, दादा?" धाकट्यानं विचारलं.

"आबांले हवा लागते."