नवा होल्डर आणि भाईंचा उजवा डोळा

१२ ऑक्टो., खामगाव
जिनिंगच्या रोलरचे शाफ्ट कातायला आले. बोंडअळीने कपाशी पोखरली, कापूस कमी, म्हणून आमचीही मजुरी कमी. त्यात लेथचा टूल होल्डर, ज्यात लोखंड कापणारी टिप बसते तो, वाकला. दुकानदाराने दोन ठेवले, एक नावाजलेला, एक बिननावाचा. दिसायला जुळे. स्वस्तातला उचलला.
रशीदभाईंनी (लेथ मला त्यांनीच शिकवली, आता भागीदार) टिप बसते तिथे नख फिरवलं. "खडबडीत हाय बे. काऊन आणलं हे?"
"दिवस पाहून राह्यले ना भाई."
होल्डर मशीनवर बांधून घेतला. बोलले असते तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टो., दसरा
मशीन बंद. भाईंनी दरवर्षीसारखी हत्यारं पुसून मांडून दिली. कुंकू माझ्याकडे. होल्डरचा पहिला दसरा म्हणून टिप काढून आतसुद्धा लावलं. हिने भाईंना आपट्याचं पान दिलं. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा आलेल्या भांड्यात त्यांच्या घरी कढी गेली.

१९ ऑक्टो.
कट चालू असताना टिप सुटली. भाईंच्या उजव्या भुवईला चाटून मागच्या पत्र्यावर वाजली.
उजव्या. डावा डोळा पूर्वीच लोखंडाचा कीस उडून गेलेला.
रक्त थोडंच. भाई हसले. मी मोरीत जाऊन ओकलो.

२० ऑक्टो.
होल्डर खोलला. टिपेच्या बैठकीत कुंकू, तेलात कालवून घट्ट बसलेलं. खाली खडबडीतपणा आहेच. टिप कशामुळे सुटली, कळत नाही. होल्डर मी आणला, कुंकू मी लावलं.
भाई म्हणाले, "पुसलं म्या. आता बसते बराबर."
"चांगला आणतो, भाई."
दुकानात विचारलं. संपलाय, सोमवारी अकोल्याहून येईल. जिनवाल्याचा माणूस उद्या दुपारी येणार. शाफ्ट तयार नसले तर काम दुसरीकडे नेणार म्हणतो.
"मंग गॉगल तरी लावा."
"एकाच डोळ्यानं पाह्यतो, त्याच्यावर वाफ धरते. दिसत नाही मले."
मी मशीनवर उभा राहतो म्हणालो. शेवटचा कट ते कुणाला देत नाहीत.

२१ ऑक्टो., सकाळ
भाईंनी तोच होल्डर बांधला. भुवईवर पट्टी. शाफ्टजवळ वाकले, चांगला डोळा टिपेपासून वीतभर.
"चालू कर बे."
मी बोर्डाशी गेलो.
"लाइट गेली, भाई."
"हाव? बरं." बाहेर जाऊन ओट्यावर बसले.
हे लिहितोय तेव्हा फ्यूज माझ्या खिशात आहे. दुपार व्हायला वेळ आहे अजून.
शेजारची पिठाची गिरणी, आमच्याच लाइनवरची, चालू आहे, मघापासून. भाई तिच्याकडे तोंड करून बसलेत. उठत नाहीत, मला हाकही मारत नाहीत.