काळजाची फेरमोजणी

रिहे, ता. मुळशी
२६ ऑगस्ट २००८

चि. एकनाथ यास हैबतरावाचे आशीर्वाद (रीत म्हणून, मनापासून न्हाईत). तू, पोरंबाळं खुशाल असाल. माझी तब्येत कशी हाय ते तुला ठाऊक हाय, कारण ती तूच आणखी बिघडवलीस.

सख्ख्या बहिणीचा नवरा दोनदा भाताच्या बांधावर शुद्ध हरपून पडला. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं हुतं, हृदयाचा इको काढा. हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतंय ते त्यात मोजतात. पस्तीस किंवा त्याच्या खाली आलं तर छातीत मशीन बसवायचं. ठोका बिघडला की ते झटका देऊन माणूस वाचवतं. वर आलं तर नुसत्या गोळ्या. पण तू पडलास जमिनीचा एजंट. मोजणी म्हटलं की तुझा हात आपोआप पिशवीकडं जातो. तुझ्या धंद्यात मोजणीवाल्या साहेबाला कोंबडं खाऊ घातलं की दोन गुंठे वाढत्यात (ते शेजाऱ्याच्या बांधातनं येत्यात, ते सोड). म्हणून तू माझ्याआधी जाऊन इकोवाल्याला पाच किलो इंद्रायणी तांदूळ दिलास आन् सांगितलंस, "आमचे दाजी हायेत, जरा सढळ हातानं मोजा." त्यानं मोजलं. पंचेचाळीस.

तू पेढे वाटलेस, तांदळाची हुशारी चार लोकांत सांगितलीस. मी बी पेढा खाल्ला (गाढव मी बी). डॉक्टर कागद बघून म्हणाले, मशीनची गरज न्हाई. तिसऱ्यांदा पडलो तो चुलीपाशी. तुझ्या बहिणीनं, सगुणेनं ओढलं म्हणून भाजलो न्हाई. अरे, माणसाचं काळीज काय रस्त्यालगतचा प्लॉट हाय, वाढवून दाखवायला? मी मेलो असतो तर तेराव्याला तो कागद फ्रेम करून लावला असतास. लई संताप झालाय. तुझं तोंड बघायची इच्छा न्हाई. दिवाळीलाही येऊ नकोस.

हैबतराव

ता. क. : डॉक्टरांना तुझ्या तांदळाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आन् काल स्वतः इको काढला. अठ्ठावीस. शुक्रवारी मशीन बसवणार.

आणखी एक : ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही लागती. सगुणेनं पेन धरलं आन् रडाया लागली. गुरुवारीच ये, सही तू कर. तिला म्हणालोय, मला भ्या वाटत न्हाई. ते खोटं हाय.