बादशाची तंद्री आणि कंठसुधारक लाडू

जाम, जि. वर्धा
४ ऑक्टोबर १९७८

तीर्थरूप वासुदेवमामांच्या चरणी भाचा जयवंताचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती, सुलोचनामामींचे गुडघे आणि आपल्या हिंगणघाटच्या औषधालयातला तो लोखंडी खल, तिघंही ठणठणीत असतील असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं पाहता परवा, गांधीजयंतीच्या दिवशी, सदाशिवरावांच्या बादशा नावाच्या कुत्र्याला गोळी घालायचं ठरलं होतं, माझ्या पोटात चौदा इंजेक्शनं टोचायचं ठरलं होतं, आणि सदाशिवरावांच्या नलूनं माझ्याशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं होतं. यातलं काय टळलं ते पुढे येईलच. या सगळ्याशी आपला काय संबंध, तेही येईल. रागात आहे, पण आपण वडील माणूस, म्हणून क्रमाने लिहितो.

मी नागपूरचं ढोरांच्या डॉक्टरीचं कॉलेज अर्ध्यात सोडलं, हे आपण सगळ्या नातेवाइकांना सांगितलंच आहे. (म्हशीच्या जबड्यावरून मी सरांशी वाद घातला आणि तो जबडा टेबलावर आपटला, एवढंच. तो मारायला उचलला होता ही बाबांनी घातलेली भर आहे.) तेव्हापासून मी चौरस्त्यावरच्या आमच्या सरकी-ढेपेच्या दुकानात बसतो. लोक ढेप घ्यायला येतात आणि जाताना गाईच्या पोटफुगीचं विचारतात, कारण गावाच्या मते मी अर्धा डॉक्टर. आता यातली गोम अशी की पहिल्या वर्षी हाडं शिकवतात आणि रोग फार पुढे येतात. मी हाडांतून बाहेर पडायच्या आतच कॉलेजातून बाहेर पडलो. पण हे गावात कोणाला सांगायचं? नलूला तर नाहीच नाही.

सदाशिवराव आपले जुने रोगी, त्यामुळे ओळख करून द्यायला नको. तरी माणूस डोळ्यांसमोर असू द्या. आपला जिल्हा दारूबंदीचा, आणि तो कोरडा ठेवायची जबाबदारी सरकारने आपल्या एकट्यावर टाकली आहे असं समजून ते वागतात. त्यांच्या घरी चहासुद्धा ओसरीच्या कोपऱ्यात, अपराध्यासारखा प्यावा लागतो. दर गांधीजयंतीला शाळेपुढच्या पटांगणात संध्याकाळी त्यांचं व्यसनमुक्तीवर भाषण असतं. बादशा हा त्यांचा कुत्रा. आई गावठी, आणि बाप हायवेवरच्या कोणत्यातरी ट्रकमधून उतरलेला अल्सेशियन, असा संयोग. हा कुत्रा पोस्टमनवर भुंकत नाही, भिकाऱ्यावर भुंकत नाही, फक्त माझ्यावर भुंकतो. त्यांच्या म्हशीसाठी ढेपेचं पोतं मी स्वतः सायकलवर घालून नेतो (दुकानात हमाल असताना मालकाचा मुलगा पोतं का वाहतो, हा प्रश्न बाबांना अजून पडलेला नाही), आणि अंगणात पाय ठेवला की हा साखळी तोडायला निघतो. नलूशी आजवर जेवढं बोललो ते सगळं बादशाच्या आवाजावर आवाज चढवून. प्रेमाचं बोलणं ओरडून करून पाहा, मामा. कसं लागतं ते कळेल.

तर परवा सकाळी पोतं घेऊन गेलो. अंगणात शांतता. बादशा मोकळा, तुळशीजवळ उभा. मला पाहून भुंकला नाही. गाडीचं चाक ढिलं झाल्यासारखा डुलत डुलत आला, मी पोतं उतरवून बसलो होतो तिथे येऊन माझं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत चाटलं, आणि माझ्या पायावर डोकं ठेवून पडला. हे पाहून सदाशिवरावांनी तिथल्या तिथे निदान केलं की कुत्रा पिसाळला. जयवंताला चाटतो, याहून मोठा पुरावा काय पाहिजे? शेजारचे नत्थूजी रानडुकरांसाठी ठेवलेली भरमार बंदूक घेऊन आले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “तोंडाले चाटलं ना तुले? मंग तुले बी बांधून ठेवा लागते.” माणसं हसली. मी नत्थूजींच्या अंगावर जाणार होतो, पण पायावर कुत्रा झोपलेला.

बंदूक भरायला घेतली तेव्हा सदाशिवरावांचाच हात वर झाला. म्हणाले, “आज नाई. आज बापूची जयंती हाये. उद्या सकाळी मारजो.” म्हणजे बादशाला अहिंसेचा एक दिवस मिळाला. मला उद्याच्या पहिल्या एस.टी.नं वर्ध्याला पाठवायचं, सुया टोचायला. आणि तेवढ्यात कोणीतरी मागून बोललं की पिसाळला कशाचा, ह्या पोराच्या आड येत होता म्हणून यानंच काहीतरी चारलं असेल. त्यानंतर नलू आतून आली. पहिल्यांदाच आमच्या मध्ये भुंकणं नव्हतं, आणि ती काय म्हणाली? “खरं सांगा, काई खाऊ घातलं का तुमी त्याले?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मंग डॉक्टरी शिकले ना, सांगा त्याले काय झालं ते. नाई तं जन्मात बोलू नका माझ्याशी.” आणि आत गेली.

मामा, मी दिवसभर त्या कुत्र्यासमोर बसलो. बादशाची सगळी हाडं जागेवर होती, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकत होतो. पुढचं मात्र नुसतं पाहायचं. आणि खरं सांगू का, पाहता पाहता मी नलूला विसरलो, बंदूक विसरलो, राग विसरलो. इतकं नवलाचं जनावर मी कॉलेजातही पाहिलं नव्हतं. तो उभ्या उभ्या झोपायचा, तोल गेला की दचकून जागा व्हायचा, आणि कोणी ढकललं म्हणून मागे वळून पाहायचा. मागे कोणी नाही. मग स्वतःची शेपटी दिसायची आणि तिच्याकडे ओळख लागत नसल्यासारखा पाहत राहायचा. मी लांबून नुसता हात हलवला तरी तोंडावर फटका बसल्यासारखी मान मागे घ्यायचा. मूत थेंब थेंब गळत होतं आणि त्याचं त्याला भान नव्हतं. कोंबडी नाकासमोरून गेली, तर तिच्याकडे पाहून त्यानं उसासा टाकला. पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं म्हणतात, म्हणून परात भरून ठेवली. निम्मी परात प्यायला, आणि उरलेल्या पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा पाहतच राहिला. डोळे लाल, बुबुळं मोठी, चेहऱ्यावर कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्याचा भाव. काय दिसत असेल त्याला? आपण औषधांतले जाणकार, म्हणून विचारतो. कुत्र्याला त्या अवस्थेत काळ लांब वाटतो का? आपण कुत्रा आहोत हे लक्षात राहतं का?

आणि मग मला आठवलं की हा चेहरा मी पाहिला आहे. ही नजर मी पाहिली आहे, आणि तीही माइकसमोर. गेल्या गांधीजयंतीची सभा. सदाशिवराव भाषणाला उभे राहिले आणि बराच वेळ माइककडेच पाहत राहिले. लोकांना वाटलं, किती गंभीर माणूस. मग बापूंच्या शेळीचा विषय निघाला आणि शेळीसाठी त्यांना रडू आलं. मग त्याच शेळीवर हसू आलं. मग म्हणाले, “दारू म्हणजे,” आणि थांबले, तांब्याभर पाणी प्यायले, आणि दारू म्हणजे काय ते राहूनच गेलं. दोन तास चाललं. सभा उठल्यावर कार्यकर्त्यांसाठी आणलेला सगळा चिवडा त्यांनी एकट्यानं संपवला. गाव म्हणतं, सदाशिवरावांच्या बोलण्यात वेगळीच तंद्री लागते.

मी नलूला हाक मारली आणि विचारलं की भाषणाच्या आधी तुझे बाबा काय घेतात. ती आत गेली आणि डालड्याचा डबा घेऊन आली. झाकण चावलेलं, कडांवर दातांच्या खुणा, आत काही नाही. डब्यावर आपल्या अक्षरातली चिठ्ठी डकवलेली: कंठसुधारक लाडू, भाषणापूर्वी अर्धा. आम्ही दोघांनी वास घेतला. मामा, मी होस्टेलवर एक होळी काढली आहे. तूप, जायफळ आणि वेलदोड्याच्या मागे काय लपलं होतं ते मला सांगायला नको आणि आपल्याला तर मुळीच नको. (इथे दोन ओळी लिहून खोडल्या. आपण वडील माणूस.) सदाशिवराव अर्ध्या लाडवात दोन तास बोलतात, आणि त्या मुक्या जनावरानं डबाभर खाल्ले होते!

आता माझ्या जागी कोणीही काय केलं असतं? अंगणात अर्धा गाव जमला होता. नत्थूजी बंदूक पुसत होते. मी उठलो, डोक्यात आग, जिभेवर वाक्य तयार. हा कुत्रा पिसाळला नाही, याला भांग चढली आहे, आणि तीच भांग खाऊन हा माणूस वर्षानुवर्षं आम्हाला व्यसनमुक्ती शिकवतो! एका वाक्यात कुत्रा सुटत होता, माझं नाव सुटत होतं, चौदा सुया सुटत होत्या. “काका,” एवढं म्हणालोसुद्धा. पण नलू डबा पदराखाली धरून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. बोलली असती तर मी भांडलो असतो, माझा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. तिनं नुसतं पाहिलं. आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, “काका, मीच भांग चारली त्याले. भुंकून राह्यला होता म्हणून. उद्यापर्यंत उतरते.”

नत्थूजींनी बंदूक खाली केली. (थोडे हिरमुसले होते.) सदाशिवरावांनी आधी बादशाला पोटाशी धरलं, आणि मग पायातली चप्पल काढली. त्या दिवशी मारता येत नव्हतं, म्हणून मी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती नुसती हातात धरून उभे राहिले.

संध्याकाळची सभा मी आमच्या दुकानाच्या ओट्यावरून ऐकली. लाडू संपलेले, म्हणजे सदाशिवराव पहिल्यांदाच कोरडे बोलत होते. शेळी नाही, पाणी नाही, हसू नाही. विषय एकच, आजचा व्यसनी तरुण, आणि उदाहरणादाखल माझं नाव, बापाच्या नावासकट. पंधरा मिनिटांत आटोपलं. असं जळजळीत भाषण या पटांगणात कधी झालं नाही असं सगळे म्हणतात. आमच्या बाबांनीही टाळ्या वाजवल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मुलगा कोणाचा. आता पोरं मला भांगेश्वर म्हणतात. ज्यानं होळीशिवाय कधी तोंडाला लावली नाही त्याला, आणि ते कोणामुळे?

बादशा दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. काल नलू स्वतः दुकानात आली, सरकी घ्यायला. बाबा समोर होते म्हणून मोठ्यानं म्हणाली, “ढेप चांगली नाई राह्यली तुमची.” पिशवी उचलताना हळूच म्हणाली, “पण आणत जा.” मामा, बादशाच्या भुंकण्याशिवाय ऐकलेलं हे तिचं पहिलं गोड वाक्य, आणि त्यासाठी भांगेश्वर होणं मला स्वस्त वाटलं. तिनं आणखी एक सांगितलं. सभेला निघण्यापूर्वी तिच्या बाबांनी फळीवरचा डबा काढला, दातांच्या खुणा बोटानं चाचपल्या, आणि कोणाला काही न विचारता डबा परत ठेवला. त्यांना काय माहीत होतं आणि कधीपासून, हे आपल्यालाच विचारणं भाग आहे.

मामींना नमस्कार. राग गेलेला नाही, पण लोभ असावा.

आपला भाचा,
जयवंत

ता. क. : पत्राचं कारण राहिलंच. येत्या रविवारी आपण जामला यावं आणि सदाशिवरावांकडे माझ्यासाठी नलूला मागणी घालावी. बाबा जायला तयार नाहीत, त्या टाळ्यांनंतर त्यांना तोंड दाखवायला लाज वाटते. आपण जास्त बोलायची गरज नाही. लाडवांचा भरलेला डबा दोघांच्या मध्ये ठेवजा आणि माझं नाव घेजा. धमकी वगैरे काही नाही. नुसता डबा.

ता. क. दुसरा : लाडू या खेपेला साधे, नुसत्या तुपाचे आणा, असं लिहिणार होतो. पण एवढ्यात सदाशिवरावांचा नलूकरवी आपल्यासाठी निरोप आला, तो जसाच्या तसा देतो : “वैद्यबुवाले म्हणा, गुण तोच पाह्यजे.”

ता. क. तिसरा : अंगणात बादशा आपल्यावर भुंकला तर भिऊ नका, तो बरा झाला असं समजा. पायावर डोकं ठेवून झोपला, तर मात्र नलूचं नाव काढायच्या आधी डबा उघडून पाहजा.