कंपॅनियन म्हणजे सोबत भाकर

५ जानेवारी, सोमवार. अकोला.
दीपमाला अमरावतीला भावाकडे गेली, त्याला आज नववा दिवस. कारण क्षुल्लक. सकाळी तिने पाटोडीचा रस्सा केला, दवाखान्यातल्या ड्युटीवर गेली, आली तेव्हा पातेलं रिकामं. मीच संपवला होता, खरं आहे. पण त्या वेळी मी एका लॅटिन धातूच्या विचारात होतो. निघताना म्हणाली, मी आता काई वापस येत नाई. रागात माणूस काहीही बोलतो. येईल रविवारपर्यंत. तोवर संकल्प: रोज एक इंग्रजी शब्द, मुळासकट.

६ जानेवारी
भांडी घासायची नाहीत असं ठरवलं. आल्यावर तिलाच बरं वाटेल, आपल्यावाचून अडलं म्हणून.

७ जानेवारी, सकाळी ७.१०
आजचा शब्द, कंपॅनियन. लॅटिन कॉम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे भाकर. ज्याच्यासोबत भाकर खायची तो कंपॅनियन. आपला पावसुद्धा पोर्तुगीजांकरवी आलेला त्याच पानिसचा नातू. डोळे भरून आले. दीपमालाला मेसेज टाकला: तू माझी कंपॅनियन आहेस. खाली व्युत्पत्ती, बारा ओळी.
मेसेजखालच्या दोन्ही टिक निळ्या झाल्या. विरघळली असणार.

८ जानेवारी
उत्तर आलं. सतरा वर्षांत तुमी माह्यासंग एकदा तरी जेवले का? तुमचं झालं का मंग मी बसतो. उरलं तर.
व्युत्पत्तीवर आक्षेप नाही. म्हणजे मान्य.

९ जानेवारी
पोळ्या करायला गेलो, तवा जळाला. तीन दिवस दूध-पाव. खरं लिहायचं तर मला तिच्यावाचून जमत नाही. घर खायला उठतं. शब्दांतही मन लागत नाही.
प्लॅन पक्का. रविवारी अमरावती. सगळ्यांसमोर म्हणायचं, दीपमाला, आधी तू बस. मग एकाच ताटात जेवायचं. आरशासमोर चार वेळा प्रॅक्टिस केली. उत्तम जमतंय.

११ जानेवारी, रविवार, संध्या. ५.४०. परतीची गाडी.
मूर्तिजापूरला थांबलीय. बाजूची सीट रिकामी.
पोचलो तर मेव्हणा नागसेन दारातच. जवाईबापू, बसा, पयले पाहुणे. ताटात रोडगे, वांग्याची भाजी, वर तूप. वाढायला दीपमालाच. म्हणणारच होतो, पण रोडगे गरम होते. म्हटलं, एक संपवून बोलू. मग दुसरा. तिने विचारलं, आणखी एक देऊ? मी हो म्हटलं.
हात धुताना आठवलं. स्वयंपाकघरात धावलो. ती आणि नागसेनची बायको रश्मी खाली बसून शिळी भाकर चटणीसोबत खात होत्या. रोडगे संपले होते. मी म्हटलं, चल घरी, आता सोबत जेवू. दीपमालाने वर पाहिलं नाही. म्हणाली, झालं ना तुमचं जेवण? मंग गाडी पकडा.

१२ जानेवारी. अकोला.
आज शब्द नाही. येताना पाव आणला. दोन ताटं घासली, समोरासमोर मांडली, दोन्हींत दोन-दोन पाव ठेवले. तिची थोडी वाट पाहिली.
माझे संपले. मग तिच्या ताटातलेही खाल्ले.